लस तेवढीच, सुया सात

२०२० च्या डिसेंबरमध्ये ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीचे पहिले आकडे छापून आले, तेव्हा त्यातल्या एका आकड्याने भल्याभल्यांना कोड्यात टाकलं. ज्यांना दोन्ही वेळा पूर्ण डोस मिळाला होता त्यांच्यात लशीची परिणामकारकता ६२.१ टक्के निघाली. आणि मोजमापातल्या फरकामुळे ज्यांना पहिला डोस निम्माच गेला होता त्यांच्यात ९० टक्के! औषध कमी आणि गुण जास्त, हे कसं काय?

नंतर लक्षात आलं की निम्मा डोस मिळालेला गट इतर बाबतींतही वेगळा होता. त्यातले सगळे ५५ वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. शिवाय त्यांच्या दोन डोसांमध्ये दिवसही जास्त गेले होते. २०२१ च्या सुरुवातीला पूर्ण डोस घेतलेल्यांचे आकडे अंतरानुसार वेगळे काढले गेले. दोन डोसांमध्ये ६ आठवड्यांहून कमी दिवस असतील तर परिणामकारकता ५५.१ टक्के, १२ आठवडे किंवा जास्त असतील तर ८१.३ टक्के. म्हणजे निम्म्या डोसाला दिलेलं श्रेय बरंचसं मधल्या दिवसांचं होतं.

माणसांवरच्या चाचण्यांत हे असंच होतं. डोस, अंतर, वय, आधी होऊन गेलेली दुखणी, सगळे धागे एकमेकांत अडकलेले. ते सुटे करायचे तर उंदराकडे जावं लागतं. सी५७ ब्लॅक ६ किंवा बाल्ब-सी अशा जातींचे प्रयोगशाळेतले उंदीर पिढ्यान् पिढ्या भावंडांच्या संकरातून वाढवलेले असतात, त्यामुळे जनुकांच्या दृष्टीने ते जवळजवळ जुळेच. वय एक, खाणं एक, पिंजरा एकसारखा. दोन गटांत फक्त एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. शेवटी लसिका ग्रंथी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी जिथे जमतात त्या बारीक गाठी, बाहेर काढून आतली एकेक पेशी मोजता येते. माणसाच्या बाबतीत फार तर बारीक सुईने चार पेशी काढून बघता येतात.

अशा प्रयोगांतला माझ्या आवडीचा प्रयोग २०१६ चा, अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या डॅरेल आयर्विन यांच्या गटाचा. लशीत होतं एचआयव्हीच्या आवरणावरचं एक प्रोटीन आणि सोबत अॅडज्युवंट, म्हणजे प्रतिकारशक्तीला डिवचणारं द्रव्य. सगळ्या उंदरांना मिळालेली एकूण लस सारखीच. फरक एवढाच की काहींना ती एका दमात टोचली आणि काहींना तुकड्यातुकड्यांनी. तुकडेही वेगवेगळ्या तऱ्हेचे केले होते. कुणाला दर वेळी सारखी मात्रा, कुणाला उतरती, कुणाला चढती. सगळ्यांत सरस ठरली ती चढती. साधारण दोन आठवड्यांत सात सुया, पहिली अगदी नावापुरती आणि पुढची प्रत्येक आधीच्यापेक्षा काही पटींनी मोठी. एकदाच टोचलेल्या उंदरांच्या तुलनेत या उंदरांच्या रक्तात दहा पटींहून जास्त अँटिबॉडी सापडल्या. लशीचा एक थेंबही वाढवला नव्हता.

याआधी २००८ मध्ये झुरिकच्या संशोधकांना हेच टी-पेशी नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या बाबतीत दिसलं होतं. त्यांनी चार दिवस रोज वाढत्या पटीने अँटिजेन, म्हणजे प्रतिकारशक्तीने ओळखायचा पदार्थ, टोचला. एकूण मात्रा तेवढीच ठेवून एकदम दिलं, रोज सारखं दिलं किंवा उतरत्या क्रमाने दिलं, तरी चढत्या क्रमाची सर कशालाच आली नाही.

असं का व्हावं? झुरिकच्या गटाचा तर्क असा की खरा विषाणू असाच वागतो. आज थोडा, उद्या त्याच्या कित्येक पट, परवा आणखी. आपल्या प्रतिकारशक्तीचा सगळा इतिहास अशा वाढत्या पाहुण्यांशी गाठ पडण्यात गेला आहे. इंजेक्शनचा प्रकार बरोबर उलटा. पहिल्या तासाला सर्वांत जास्त अँटिजेन, आणि मग दिवसागणिक ओसरत जाणारा. जे आपोआप ओसरतंय त्याच्यामागे धावायची गरज नाही, असा त्याचा अर्थ लागत असेल तर पेशींना दोष देता येणार नाही.

हा तर्क पटतो, पण त्यातून 'का' कळतं, 'कसं' कळत नाही. पेशींना काही आलेख वाचता येत नाहीत. 'कसं' कळायला लसिका ग्रंथीच्या आत जावं लागेल, आणि खरी गंमत तिथेच आहे.

उंदराच्या मांडीत लस टोचली की ती जवळच्या लसिका ग्रंथीकडे वाहत जाते. ही ग्रंथी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. तिच्यात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींचे गोल पुंजके असतात, आणि प्रत्येक बी-पेशीच्या अंगावर तिच्या स्वतःच्या घडणीचा ग्राहक, म्हणजे अँटिजेन पकडणारं प्रोटीन, असतो. आलेला अँटिजेन ज्या थोड्या बी-पेशींच्या ग्राहकांत कसाबसा बसतो त्या जाग्या होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांची मदतनीस टी-पेशींशी गाठ पडते. आठवड्याच्या आसपास पुंजक्याच्या मधोमध दाट वस्ती तयार होते. तिला जर्मिनल सेंटर म्हणतात. उंदरात ही वस्ती दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास ऐन भरात असते आणि साध्या लशीनंतर तीन-चार आठवड्यांत ओसरायला लागते.

या वस्तीचे दोन भाग. अंधाऱ्या भागात बी-पेशी भराभर विभागतात आणि विभागताना मुद्दाम चुका करतात. अँटिबॉडीच्या जनुकात दर विभाजनाला साधारण हजार अक्षरांमागे एक अक्षर बदलतं. एरवी पेशीत होणाऱ्या चुकांच्या मानाने हा वेग लाखो पटींनी जास्त. मग त्या उजेडाच्या भागात येतात आणि त्यांची परीक्षा होते. तिथे फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी नावाच्या फांद्याफांद्यांच्या पेशी अँटिजेन अंगावर धरून उभ्या असतात. ज्या बी-पेशीचा ग्राहक घट्ट बसतो ती जास्त अँटिजेन ओढून घेते, गिळते आणि त्याचे तुकडे मदतनीस टी-पेशीला दाखवते. जिचे तुकडे जास्त तिला मदत जास्त. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की इथली खरी टंचाई टी-पेशींच्या मदतीची आहे. मदत मिळाली की पुन्हा अंधारात, पुन्हा विभाजन, पुन्हा चुका. नाही मिळाली की मरण.

चुकांमधून सुधारणा होते हे ऐकायला विचित्र वाटतं, पण सी५७ ब्लॅक ६ उंदरांत याचं फार नेमकं उदाहरण आहे. एनपी नावाच्या एका छोट्या रसायनाविरुद्ध हे उंदीर बहुतेक वेळा एकाच जनुकापासून बनलेल्या अँटिबॉडी वापरतात. त्या अँटिबॉडीच्या ३३ व्या जागी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असतं. तिथे ल्युसीन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की पकड सुमारे दहा पटींनी घट्ट होते. म्हणून लशीनंतर दोनेक आठवड्यांनी जर्मिनल सेंटरमधल्या किती पेशींत हा एक बदल आलाय ते मोजलं की निवड कुठवर आली ते कळतं.

आता डोसाकडे वळू. या परीक्षेला पेपर हवा, म्हणजे फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींच्या अंगावर शाबूत अँटिजेन हवा. पण परीक्षा सुरू होते आठवड्याने, आणि लस टोचलेली असते पहिल्याच दिवशी. मधल्या काळात तिचं काय होतं? आयर्विन यांच्याच गटाने २०२३ मध्ये हे तपासलं. ग्रंथीच्या बाकी भागांत प्रोटीन तोडणारी विकरं भरपूर असतात आणि लशीतलं प्रोटीन तिथे काही दिवसांत मोडतोड होऊन जातं. बी-पेशींच्या पुंजक्यात मात्र ही विकरं फारशी काम करत नाहीत. तिथे पोचलेला अँटिजेन बराच काळ टिकतो. म्हणजे पोचला तर टिकतो, आणि नाही पोचला तर त्याचा चुरा होतो. चुरा झालेल्या प्रोटीनवर घडलेल्या अँटिबॉडी खऱ्या विषाणूच्या उपयोगाच्या नसतात, कारण त्या तुटलेल्या कडा ओळखायला शिकलेल्या असतात आणि अखंड विषाणूवर तशा कडा कुठेच दिसत नाहीत.

मग पुंजक्यात पोचायचा परवाना कोणता? अँटिबॉडी. अँटिजेनला अँटिबॉडी चिकटलेली असेल तर ती जोडगोळी हातोहात आत नेली जाते आणि फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींच्या फांद्यांवर टांगली जाते. गोम अशी की पहिल्यांदा लस टोचताना अंगात अँटिबॉडी नसतेच. ती लशीमुळेच तयार व्हायची असते.

चढत्या मात्रेची किमया इथे कळते. पहिल्या बारक्या सुयांनी थोड्या बी-पेशी जाग्या होतात आणि साधारण आठवड्याभरात रक्तात थोडी अँटिबॉडी दिसू लागते. फार चांगल्या दर्जाची नाही, पण चिकटण्यापुरती पुरे. तोवर जर्मिनल सेंटरही उभं राहिलेलं असतं. नेमक्या त्याच वेळी मोठ्या मात्रा येतात, अँटिबॉडीच्या हाती लागतात आणि शाबूत स्थितीत परीक्षेच्या जागी पोचतात. जो माल पहिल्या दिवशी आला असता तर वाया गेला असता, तो आठव्या-दहाव्या दिवशी आल्यामुळे कामी लागतो. या संपूर्ण विषयात मला सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग. छोट्या डोसाचं काम प्रतिकारशक्ती निर्माण करणं नव्हतंच. मोठ्या डोसासाठी वाट तयार करणं, एवढंच त्याचं काम.

अर्थात सात वेळा सुई टोचून घ्यायला कोण तयार होणार? संशोधकांनाही ते दिसत होतं. त्याच गटाने गणिती प्रारूप आणि उंदीर दोन्ही वापरून सुया कमी करत आणल्या आणि २०२४ मध्ये दोनवर येऊन थांबले. पहिल्या दिवशी एकूण लशीचा २० टक्के भाग, सात दिवसांनी उरलेला ८० टक्के. सात सुयांइतका नसला तरी त्यातला बराचसा फायदा यातूनही मिळाला. निम्मा-निम्मा नाही, २० आणि ८०. कारण पहिला भाग नुसता वाट तयार करणारा आहे हे आता माहीत होतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मग मोठा डोस दोन टप्प्यांत द्यावा, जेवढा मोठा तेवढा बरा. तसंही नाही. १९६४ मध्ये हर्मन आयझेन आणि ग्रेगरी सिस्किंड यांनी सशांवर केलेला एक प्रयोग अजूनही सांगितला जातो. कमी अँटिजेन टोचलेल्या सशांच्या अँटिबॉडी काही आठवड्यांनी जास्त घट्ट पकडणाऱ्या निघाल्या. भरपूर टोचलेल्या सशांत अँटिबॉडी होत्या, पण पकड तितकी सुधारली नाही. आता कारण ओळखीचं वाटेल. परीक्षेच्या जागी अँटिजेन उदंड असेल तर ढिल्या पकडीच्या बी-पेशीसुद्धा पोटभर घेतात आणि पास होतात. टंचाई असली की चुरस होते. पण टंचाई फार झाली तर वस्तीच बसते आणि निवड करायला कुणी उरत नाही. संख्या आणि दर्जा ही ओढाताण प्रत्येक लशीच्या मात्रेत असते, आणि तिच्यातून सुटका नाही.

'अति तेथे माती' ही म्हण इथे लागू पडते, पण अर्धीच. त्याच १९६४ साली लंडनमध्ये अॅव्रियन मिचिसन यांनी उंदरांना गाईच्या रक्तातलं एक प्रोटीन, अल्ब्युमिन, आठवडेच्या आठवडे टोचलं. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी मात्रा, आणि अॅडज्युवंट अजिबात नाही. मग सगळ्यांना अॅडज्युवंटसह तेच प्रोटीन देऊन कोण कसा प्रतिसाद देतो ते पाहिलं. खूप मोठी मात्रा मिळालेले उंदीर थंड पडले होते. त्यांच्या प्रतिकारशक्तीने ते प्रोटीन आपलंच मानून सोडून दिलं होतं. हे अपेक्षित होतं. पण अगदी किरकोळ मात्रा मिळालेल्या उंदरांनीही तेच केलं! मधल्या मात्रेचे मात्र तयार झाले होते. म्हणजे अतीनेही माती आणि अल्पानेही माती.

पुढच्या काही वर्षांत कळलं की ही दोन वेगळी कुलपं आहेत. टी-पेशी थोड्या अँटिजेननेही गप्प बसवता येतात, बी-पेशींना गप्प करायला त्याहून कितीतरी जास्त लागतो. आणि दोन्हींच्या मुळाशी अॅडज्युवंट नसणं आहे. अँटिजेन म्हणजे 'कोण आलंय' एवढीच खबर. तो धोकादायक आहे ही दुसरी खबर सोबत नसेल तर पेशी सहन करायला शिकतात. म्हणून मात्रेबद्दल कुणी सांगू लागलं की मी पहिला प्रश्न विचारतो: अॅडज्युवंट किती होतं? अँटिजेन वाढवताना अॅडज्युवंट तेवढंच ठेवलं की सोबत वाढवलं, यावरून एकाच प्रयोगाचे दोन निष्कर्ष निघू शकतात.

आता टी-पेशींबद्दल. त्यांची तऱ्हा वेगळी आहे.

विषाणूने ग्रासलेली पेशी ओळखून मारणाऱ्या ज्या टी-पेशी असतात त्यांना सीडी८ पेशी म्हणतात. एखाद्या ठरावीक तुकड्याला ओळखणाऱ्या अशा पेशी अख्ख्या उंदरात आधी किती असतात? एलसीएमव्ही नावाच्या विषाणूच्या एका तुकड्यासाठी हे मोजलं गेलं आहे. १०० ते २००, बस्स. संसर्गानंतर आठव्या दिवशी त्यांची संख्या जाते एक कोटीच्या घरात. हिशेब करून पाहा. १०० चे एक कोटी व्हायला साधारण १७ वेळा दुप्पट व्हावं लागतं. सहा ते आठ तासांत एकदा दुप्पट, म्हणजे साधारण सव्वाचार ते पावणेसहा दिवस. आधीचा दीड-दोन दिवस जागं होण्यात जातो. आकडे साधारण जुळतात. शिगेला पोचल्यावर त्यातल्या ९० ते ९५ टक्के पेशी काही आठवड्यांत मरतात आणि उरलेल्या स्मृतिपेशी होतात.

या सीडी८ पेशींना सतत अँटिजेन दिसत राहावा लागत नाही. २००१ मध्ये दोन गटांनी दाखवलं की एखाद-दिवसाची भेट पुरते, पुढची सगळी विभाजनं त्या पेशी आपल्या आपण पार पाडतात. किल्ली दिलेल्या खेळण्यासारखं. मात्र किल्ली किती दिली आणि त्या वेळी भोवती दाह किती होता, यावर खेळणं कसं चालेल ते ठरतं. दाह जास्त असेल तर पेशीच्या आत टी-बेट नावाचं प्रोटीन वाढतं आणि पेशी लढाऊ पण अल्पायुषी होण्याकडे झुकते. दाह बेताचा असेल तर जास्त पेशी दीर्घायुषी स्मृतीच्या वाटेला लागतात. म्हणून लशीनंतर सातव्या दिवशी मोजलेला भरघोस आकडा पाहून हुरळून जाऊ नये. दोन महिन्यांनी काय उरलं ते विचारावं.

इथेही कमी मात्रेचा एक अनपेक्षित गुण आहे. १९९६ मध्ये काही संशोधकांनी उंदरांच्या सीडी८ पेशी काचपात्रात वाढवल्या. काहींना भरपूर अँटिजेनवर, काहींना अगदी थोड्यावर. थोड्यावर वाढलेल्या पेशी अँटिजेनचा मागमूस लागला तरी धावून जायच्या. भरपुरावर वाढलेल्यांना तेवढाच भरपूर दिसल्याशिवाय जाग येत नसे. दोन्ही प्रकारच्या पेशी स्वतःची प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत सोडल्या, तेव्हा विषाणू हटवण्यात पहिल्या कितीतरी वरचढ ठरल्या. चाचणीत दोन्ही 'मारक पेशी' म्हणूनच मोजल्या गेल्या असत्या.

आणि दुसरं टोक? ते लशीचं नाही, संसर्गाचं आहे, पण सांगायला हवं. १९९३ मध्ये झुरिकमध्ये, जिथे प्रतिकारशक्तीचे संशोधक रॉल्फ झिंकरनागेल काम करत, उंदरांना एलसीएमव्हीच्या वेगाने पसरणाऱ्या एका जातीचा प्रचंड डोस दिला गेला. सीडी८ पेशी आल्या, वाढल्या आणि चक्क नाहीशा झाल्या. विषाणू राहिला. अँटिजेनचा मारा इतका सतत आणि इतका सगळीकडून होता की पेशी थकून संपल्या. पुढे २००६ मध्ये कळलं की अशा थकलेल्या पेशींच्या अंगावर पीडी-१ नावाचा लगाम असतो आणि तो सोडवला तर त्या पुन्हा कामाला लागतात. आज कर्करोगावर ज्या पीडी-१ रोखणाऱ्या औषधांचं नाव ऐकतो, त्यांच्यामागच्या समजुतीत या उंदरांचाही वाटा आहे.

मात्रेने प्रतिसादाची जातसुद्धा बदलते, नुसती संख्या नाही. बाल्ब-सी उंदीर लीशमॅनिया या परजीवीला हमखास बळी पडतात, कारण त्यांचं शरीर इथे चुकीचा मार्ग निवडतं. अँटिबॉडी बनवत बसतं, जेव्हा गरज असते ती परजीवी पोटात घेऊन बसलेल्या पेशींना चेतवणाऱ्या टी-पेशींची. १९९२ मध्ये पीटर ब्रेचर आणि सहकाऱ्यांनी अशा उंदरांना आधी अगदी थोडे परजीवी टोचले. त्या अल्प मात्रेला शरीराने टी-पेशींच्या मार्गाने उत्तर दिलं आणि ती सवय पक्की झाली. नंतर नेहमीची, एरवी जीवघेणी मात्रा दिली तरी ते उंदीर तगले.

आता पुन्हा बूस्टरच्या अंतराकडे. उंदरांवरच्या प्रयोगांत दुसरा डोस बहुधा २१ व्या दिवशी किंवा त्यापुढे देतात, आणि ते उगाच नाही. सीडी८ पेशी ऐन लढाऊ अवस्थेत असताना बूस्टर दिला तर त्या नव्याने फारशा वाढत नाहीत. स्मृतिपेशी म्हणून पिकायला त्यांना वेळ लागतो. हा वेळ दाहावर अवलंबून असतो. २००५ मध्ये अँटिजेन लावलेल्या डेंड्रिटिक पेशीच (वरच्या फॉलिक्युलर पेशींहून वेगळ्या, टी-पेशींना अँटिजेन दाखवणाऱ्या) लस म्हणून टोचल्या, दाह जवळजवळ न होऊ देता. तेव्हा हे पिकणं आठवड्याभरात उरकलं आणि लगेच दिलेला बूस्टरही लागू पडला. त्याच उंदरांत सोबत दाह निर्माण केला की मात्र घाईचा बूस्टर वाया जायचा. दोन डोसांमधलं 'योग्य अंतर' असा कुठला स्थिर आकडा नसतो. पहिल्या डोसाने किती धुरळा उडवला, त्यावर तो ठरतो.

राहता राहिला उंदरापासून माणसापर्यंतचा प्रवास. औषधाचा डोस वजनाच्या हिशेबाने बदलतात हे सगळ्यांना माहीत असतं, लशीचा तसा बदलत नाही. मॉडर्नाच्या कोविड लशीच्या २०२० मधल्या प्रयोगांत उंदरांना ०.०१, ०.१ आणि १ मायक्रोग्रॅम अशा मात्रा दिल्या होत्या. १ मायक्रोग्रॅमचे दोन डोस फुप्फुसं वाचवायला पुरले. २० ग्रॅमच्या उंदराला १ मायक्रोग्रॅम म्हणजे किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. त्याच दराने ६० किलोच्या माणसाला ३,००० मायक्रोग्रॅम द्यावे लागले असते. प्रत्यक्षात मात्रा ठरली १००. कारण लस रक्तात मिसळून सगळ्या अंगभर पसरावी अशी अपेक्षाच नसते. ती जवळच्या लसिका ग्रंथीत पोचली की काम सुरू होतं, आणि माणूस उंदराच्या ३,००० पट जड असला म्हणून ते काम ३,००० पट होत नाही.

शिवाय प्रयोगशाळेतला उंदीर फारच सोवळ्यात वाढलेला असतो. निर्जंतुक पिंजरा, गाळलेली हवा, ठरावीक जंतूंशी कधी गाठच नाही. २०१६ मध्ये मिनेसोटातल्या संशोधकांनी दाखवलं की अशा उंदराच्या टी-पेशी प्रौढ माणसापेक्षा नवजात बाळाशी जास्त मिळत्याजुळत्या असतात. त्याच उंदरांना पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेल्या उंदरांसोबत ठेवलं, तेव्हा काही त्यांच्या जंतूंनी दगावले. जे वाचले त्यांची प्रतिकारशक्ती मोठ्या माणसाच्या वळणावर गेली. सोवळ्यातल्या उंदराला कोणतीही लस नवलाईची असते. आपल्याला बहुधा तशी नसते. जुन्या संसर्गांच्या अँटिबॉडी आणि स्मृतिपेशी आधीच हजर असतात, आणि वर पाहिलंच की आधी असलेली अँटिबॉडी डोसाचं भवितव्य कसं बदलते.

त्यामुळे २० आणि ८० हे प्रमाण व त्यातले सात दिवस जसेच्या तसे उचलून माणसाला लावता येणार नाहीत. सात दिवस आले कुठून? पहिली अँटिबॉडी दिसायला आणि जर्मिनल सेंटर उभं राहायला उंदराला तेवढा वेळ लागतो, म्हणून. माकडांत, मात्रा हळूहळू चढवत नेलेल्या लशीनंतर, ही वस्ती सहा महिन्यांहून जास्त काळ चालू राहिलेली २०२२ मध्ये नोंदली गेली आहे. उंदराच्या ग्रंथीत अशी वस्ती महिनाभरात ओसरू लागते. वेळापत्रकच इतकं वेगळं असेल, तर दुसरी सुई कधी टोचायची ते माणसांच्याच रक्तात पहिली अँटिबॉडी कोणत्या दिवशी दिसते हे पाहून, नव्याने ठरवावं लागेल.